तज्ज्ञ मते मागतो तेव्हा : स्वतंत्र मजूर पक्षाच्या जाहीरनाम्याचे एक वाचन

फेब्रुवारी १९३७मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेसाठी १९३५च्या कायद्याखालची पहिली निवडणूक झाली. भायखळा-परळ मतदारसंघातल्या राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली आणि त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने उभे केलेल्या पालवणकर बाळूंना ११,२२५. अंतर २,०२० मतांचे. बाळू म्हणजे कोणी सोम्यागोम्या नव्हते. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारा हा डावखुरा फिरकी गोलंदाज गिरणगावातल्या आबालवृद्धांना ठाऊक होता. चेंडू टाकणारा तो हात अस्पृश्याचा होता, म्हणून त्याचा अभिमान अधिक होता. अशा माणसाविरुद्ध मते मागायची होती, आणि उमेदवार स्वतः नोव्हेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत युरोपात होते. तरीही ते निवडून आले. थेट मतदारांपुढे जाऊन बाबासाहेबांनी जिंकलेली ही आयुष्यातली एकमेव निवडणूक. पुढे १९५२ला मुंबईत आणि १९५४च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यात, दोन्ही ठिकाणी त्यांना पराभव पत्करावा लागला.

चरित्रांतून ही लढत आपल्याला भेटते ती दोन नामवंतांची झुंज म्हणून, किंवा पुणे करारानंतर राखीव जागांचे काय होते याची पहिली परीक्षा म्हणून. दोन्ही वाचने खरी आहेत. मला मात्र या निकालात तिसऱ्याच कारणाने रस आहे. त्या जागेवर उभा असलेला माणूस पेशाने आणि शिक्षणाने सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक होता. कोलंबियात सेलिग्मन आणि लंडनमध्ये कॅनन यांच्या हाताखाली शिकलेला, १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर आणि १९२५ साली प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर ग्रंथ प्रसिद्ध केलेला, चलनाच्या प्रश्नावर हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिलेला. आज अशा माणसाला आपण ‘पॉलिसीवाला’ म्हणतो आणि तो मंत्र्याच्या शेजारच्या खोलीत बसून टिपणे लिहील अशी अपेक्षा धरतो. तो स्वतः मते मागायला निघाला तर त्याच्या ज्ञानाचे काय होते? ते पातळ होते, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. टाळ्यांसाठी आकडे गाळले जातात, अटी-शर्ती गळून पडतात, उरतात ती आश्वासने. ही समजूत १९३६च्या एका मजकुराला लावून पाहावी, एवढाच या लेखाचा उद्देश.

तो मजकूर म्हणजे स्वतंत्र मजूर पक्षाचा जाहीरनामा. पक्ष ऑगस्ट १९३६मध्ये स्थापन झाला, आणि १५ ऑगस्टच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्याचा कार्यक्रम इंग्रजीत छापून आला. जाहीरनामा हा साहित्यप्रकार आपल्या समीक्षेने कधी मनावर घेतलेला नाही. तो छापायचा, वाटायचा आणि निवडणूक संपली की पुडीला वापरायचा कागद. आंबेडकरांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्यांचे लेखन आपण दोन कपाटांत ठेवतो. एकात प्रबंध आणि ग्रंथ. तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक जातात. दुसऱ्यात भाषणे, ‘जनता’तले लेख, सत्याग्रह, तिथे चळवळीचे अभ्यासक जातात. जाहीरनामा धड कुठल्याच कपाटात बसत नाही. धनंजय कीरांनी त्याचा सारांश दिला आहे, पण तो घटनाक्रमातला एक टप्पा म्हणून. कथन लगेच निवडणुकीच्या धामधुमीकडे वळते. परिणामी या मजकुराचा मागचा-पुढचा धागा जोडून कोणी फारसे पाहत नाही.

मागचा धागा १९१८पर्यंत जातो. त्या वर्षी इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात आंबेडकरांचा भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय हा निबंध आला. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या ग्रंथमालेच्या १९७९च्या पहिल्या खंडात तो आहे. मी अर्थशास्त्र कॉलेजात शिकलेलो नाही, त्यामुळे पहिल्यांदा तो वाचायला घेतला तेव्हा आठवडाभर अडखळत होतो. सुटका केली ती घरच्या सातबाऱ्याने. आजोबांच्या एका नावाच्या जागी आता नऊ नावे आहेत, आणि जमीन तेवढीच. तुकडेबंदी आणि एकत्रीकरण या गोष्टी आमच्याकडे तलाठ्याच्या तोंडी नेहमीच्या. म्हणून मी धरून चाललो होतो की हा निबंधही तुकडे जोडा असेच सांगणार.

तो तसे सांगत नाही. त्या काळी मुंबई प्रांताचे शेतकी संचालक कीटिंग, अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स, बडोदे संस्थानची समिती, असे सगळे शेताच्या आकाराच्या मागे लागले होते. किती एकर म्हणजे ‘परवडणारे’ शेत, हे ठरवायचे आणि वारसा एकाच माणसाकडे जाईल असा कायदा करायचा, असा विचार चालू होता. सत्तावीस वर्षांचे आंबेडकर विचारतात, आकाराला एकट्याने काही अर्थ आहे का? शेत लहान की मोठे हे एकरांवरून ठरत नाही. त्या शेताला बैल, अवजारे, भांडवल किती लागते आणि शेतकऱ्याजवळ किती आहे, या प्रमाणावरून ठरते. आज आहे तेवढ्या लहान शेतालाही भांडवल पुरत नाही, मग शेत मोठे केले तर तोटा वाढेल. खरे दुखणे असे की जमिनीवर इतके लोक बसले आहेत की त्यातल्या पुष्कळांच्या हातांना काम नाही. ते खातात तेवढे, पण वाढवत काहीच नाहीत. उपाय शेतीच्या बाहेर आहे. कारखानदारी उभी करा, रिकामे हात तिकडे ओढले जातील, जमिनीवरचा भार उतरेल, भांडवल साचेल, आणि मग शेतांचा आकार आपोआप वाढेल.

युक्तिवाद म्हणून हा निबंध मला आजही कुठे हलवता येत नाही. पण त्यात माणसे नाहीत. जमीन, श्रम, भांडवल आणि त्यांची प्रमाणे एवढेच आहे. जात या युक्तिवादात कुठे काम करत नाही. कोकणातल्या ज्या कुळाला खोत फळझाडांचा वाटा मागतो, वेठीला बोलावतो आणि मनात आले की जमिनीवरून काढतो, त्या कुळाला आणि त्या खोतालाही या मांडणीत जागा नाही. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे मंडणगडकडचे. लहानपणीची काही वर्षे दापोलीत गेलेली. खोत काय असतो हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते. तरी निबंधात तो नाही, कारण शास्त्राने प्रश्न ज्या शब्दांत विचारला होता त्या शब्दांत खोत मावत नव्हता.

नऊ वर्षांनी, ऑक्टोबर १९२७मध्ये, सरकारने मुंबई कायदे कौन्सिलात लहान शेतजमिनींचे विधेयक आणले तेव्हा आंबेडकर तिथे होते, पण सरकारनियुक्त सभासद म्हणून. त्यांनी विधेयकाला विरोध केला. निबंधातलाच मुद्दा पुन्हा आला, की आकार ही मोजपट्टी चुकीची आहे. पण आता त्याला दोन नव्या गोष्टी येऊन मिळाल्या. एक, तुकडे विकले गेले तर जमीन हातची जाणारा लहान शेतकरी उद्या भूमिहीन होईल, ही चिंता. दुसरी, मालकी न काढता एकत्र कसण्याची म्हणजे सहकारी शेतीची सूचना. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यावर टीका केली, की प्राप्तिकराला निदान काही मर्यादेखालची कमाई माफ आहे, पण एक एकरवाल्यालाही जहागीरदाराच्याच दराने सारा भरावा लागतो. प्रमाणांच्या मागे आता चेहरे दिसू लागले आहेत. मात्र नियुक्त सभासदाला कोणाला तोंड दाखवायचे नसते. बोलणे बरोबर की चूक एवढेच पाहायचे, आणि ते बरोबर होते.

*

१९३६ साली परिस्थिती पालटली. आता मते मागायची होती. मताचा हक्क सगळ्यांना नव्हता. मालमत्ता, घरभाडे, कर, शिक्षण अशा अटींना तो बांधलेला होता. तरी १९१९च्या कायद्यापेक्षा मतदार पुष्कळ वाढले होते, आणि गिरणगावातल्या चाळींत ते होते. बहुसदस्य मतदारसंघात मतदाराला जागा असतील तितकी मते होती आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देता येत होती. आंबेडकर या पद्धतीचे पुरस्कर्ते होते. कारण उघड आहे. अल्पसंख्य मतदारांनी आपली सारी मते एका नावामागे उभी केली तर बहुसंख्याकांच्या मर्जीशिवायही माणूस निवडून येऊ शकतो. मतपेटीचे हे गणित निवडणुकीआधीच मांडून ठेवणारा उमेदवार धोरणाचाच अभ्यासक असावा लागतो.

आठवड्याच्या अंतराने दोन जाहीरनामे आले. १५ ऑगस्टला स्वतंत्र मजूर पक्षाचा; २२ ऑगस्टच्या सुमारास मुंबईतच भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीत काँग्रेसचा. काँग्रेसचा सूर असा, की हा कायदा आम्हाला मान्य नाही, आम्ही विधिमंडळात जातो ते त्याच्याशी लढायला. स्वतंत्र मजूर पक्षाचा सूर असा, की ही घटना अपुरी आहे, खऱ्या जबाबदार राज्यपद्धतीपासून ती दूर आहे, पण ती राबवून पाहू. राष्ट्रीय चळवळीच्या तापलेल्या वातावरणात दुसरा सूर भ्याड वाटला असणार, आणि अजूनही काहींना तो तसा वाटतो. माझे म्हणणे, तो प्रशासन जाणणाऱ्याचा सूर आहे. प्रांतिक अर्थव्यवस्थेचा इतिहास लिहिलेल्या माणसाला ठाऊक असते की अधिकार एका दिवसात मिळत नाहीत. खात्यामागून खाते, रकान्यामागून रकाना असे ते सरकत येतात, आणि प्रत्येक वेळी ते वापरणारे कोणीतरी लागते.

आता मजकुराकडे. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे मुख्य कारण जमिनीचे तुकडे आणि जमिनीवरचा लोकसंख्येचा बोजा, आणि त्यावर उपाय म्हणजे जुन्या उद्योगांना हात देणे आणि नवे उभे करणे, असे जाहीरनामा सांगतो. म्हणजे १९१८चा निबंध जसाच्या तसा मतदारापुढे ठेवला आहे. कोणता उमेदवार शेतकऱ्याला जाऊन सांगेल, की तुझे दुःख शेतात सुटणार नाही? इथे तज्ज्ञाने तडजोड केलेली नाही. त्याला जोडून धंदेशिक्षणाचा कार्यक्रम आहे, आणि लोकहितासाठी गरज पडेल तिथे उद्योग सरकारने चालवावेत, सरकारच्या मालकीचे असावेत, हे तत्त्व आहे. जमीन तारण बँका, उत्पादकांच्या सहकारी संस्था, मालविक्रीच्या संस्था आहेत. इथवर निबंध लिहिणाऱ्याचा हात दिसतो.

पण पुढच्याच कलमांत तो निबंध मागे पडतो. खोत आणि तालुकदार यांच्या जाचापासून, मनमानी वसुलीपासून आणि जमिनीवरून हुसकून लावण्यापासून कुळांना संरक्षण हवे. १९१८ला ज्याला शब्द नव्हता, तो खोत आता नावानिशी कार्यक्रमात आला. हा प्रश्न निवडणुकीने सुचवला असे म्हणणे खोटे होईल. एप्रिल १९२९मध्ये चिपळूणला आंबेडकर खोतीविरुद्ध बोलले होते. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ला जमीन न कसण्याचा संप सुरू केला आणि तो सहा वर्षे चालवला. डिसेंबर १९३४मध्ये आंबेडकर चरीला गेले होते. म्हणजे चळवळीने प्रश्न आधीच दिला होता. उमेदवारीने काय केले, तर त्याला उद्योगीकरणाच्या शेजारी, एकाच कागदावर बसवले. चळवळीच्या भाषणात खोती हा अन्याय असतो आणि अर्थशास्त्राच्या निबंधात भांडवलाची टंचाई हे कारण असते. एकाच मतदाराला दोन्ही एकदम सांगायचे म्हटल्यावर लिहिणाऱ्याला स्वतःलाच विचारावे लागते, की कुळाने राखलेली पै खोताच्या घरी जात असेल तर भांडवल साचणार कुठे? जाहीरनामा हे इतक्या शब्दांत म्हणत नाही. दोन कलमे शेजारी ठेवतो. जोडून वाचणे आपले काम आहे, आणि ते आपण केलेले नाही.

मजुरांविषयीच्या भागातही हेच दिसते. कामाचे तास, मजुरी, पगारी रजा, बोनस, निवृत्तिवेतन, आजारपण-बेकारी-अपघात यांसाठी सामाजिक विमा. यातले पुष्कळसे त्या काळच्या युरोपातल्या मजूर पक्षांच्या कार्यक्रमांत सापडेल. पण परळच्या माणसाने लिहिलेला ‘मजूर’ हा शब्द लंडनहून आलेल्या शब्दासारखा सरळ नव्हता. गिरण्यांत विणाईखात्याची दारे अस्पृश्यांना बंद होती. तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागतो, हे त्याचे कारण. तिथे पगार अधिक होता. १९२८च्या संपात आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला तेव्हा अनेक पुढाऱ्यांना तो फुटीरपणा वाटला. मजूर या एका शब्दाच्या पोटात किती खाती आहेत आणि कोणते खाते कोणाला बंद आहे, हे ठाऊक असूनही त्यांनी पक्षाला नाव दिले ते मजुरांचे, कारण त्या शब्दात दलितही येतात आणि इतरही. उमेदवारांच्या यादीतही तेच. कोकणातून अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, शामराव परुळेकर असे सवर्ण सहकारी पक्षातर्फे उभे होते. एकंदर सतरा उमेदवारांपैकी बहुतेक निवडून आले.

माझे सर्वांत आवडते कलम मात्र खेड्यांविषयीचे आहे. घरे, आरोग्य, गावांची आखणी यांबरोबर जाहीरनामा म्हणतो की गावाची दृष्टी आधुनिक करायची, आणि त्यासाठी सभागृह, ग्रंथालय आणि फिरता सिनेमा हवा. पहिल्यांदा वाचले तेव्हा हसू आले. काँग्रेस खादी आणि ग्रामोद्योग म्हणते आहे, त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिचे अधिवेशन प्रथमच खेड्यात, खानदेशात फैजपूरला भरणार आहे, आणि हे गृहस्थ खेड्याला सिनेमा द्यायला निघाले आहेत! नंतर हसू ओसरले. महाडचे तळे १९२७, काळाराम मंदिर १९३०. गावात एकत्र जमण्याच्या जुन्या जागा कोणत्या? देऊळ, पाणवठा, चावडी. या तिन्ही ठिकाणी कोण कुठे उभा राहील हे आधीच ठरलेले. सभागृह, वाचनालय आणि सिनेमाचा पडदा यांना मागची वहिवाट नाही. तिथे बसायची रांग अजून कोणाच्या मालकीची झालेली नाही. धोरण लिहिणाऱ्याने ‘दृष्टी आधुनिक करणे’ या कोरड्या शब्दांत एक मोठा सामाजिक बेत लपवला आहे, आणि कोणी बिचकू नये म्हणून सिनेमाचे नाव घेतले आहे. प्रभातचा ‘संत तुकाराम’ मुंबईत लागला तोही त्याच १९३६च्या डिसेंबरात.

*

इथवर मी या मजकुराची बाजू घेत आलो. आता त्यात जे नाही त्याकडे पाहिले पाहिजे. त्यात पैसे नाहीत.

सामाजिक विमा, तारण बँका, सरकारी मालकीचे उद्योग, गावोगाव सभागृहे. एकाही योजनेपुढे रक्कम लिहिलेली नाही. करपद्धतीत, शेतसाऱ्यासकट, न्याय आणण्याचे वचन आहे. पण त्यातून किती येईल याचा अंदाज नाही. सामान्य उमेदवाराला हे माफ आहे. पण प्रांतांची तिजोरी केंद्राने कशी भरली आणि कशी आखडली याचा इतिहास ज्याने इंग्लंडमध्ये छापला, त्याला १९३५च्या कायद्याखाली मुंबई प्रांताच्या हाती काय उरते हे बोटांवर मोजता येत होते. जमीनमहसूल, दारूवरचे उत्पन्न, मुद्रांक. एवढ्यात हा कार्यक्रम बसत नव्हता. ते त्यांना ठाऊक होते आणि त्यांनी ते मतदाराला सांगितले नाही. तज्ज्ञाचे ज्ञान पातळ होते ही समजूत इथे, या एका बाबतीत, खरी ठरते. आंबेडकरांवरच्या मराठी लेखनात ही उणीव कोणी दाखवलेली माझ्या वाचनात आली नाही. आदरापोटी ती झाकली जाते. पण दाखवली नाही तर पुढच्या अडीच वर्षांतली त्यांची सभागृहातली कामगिरी नीट समजत नाही, असे माझे मत आहे.

कारण मतदाराला जे हिशेब दिले नव्हते, ते आमदार झाल्यावर त्यांनी सरकारकडे मागितले. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने दारूबंदीचे धोरण आणले. १९३८ आणि १९३९च्या अर्थसंकल्पांवर बोलताना आंबेडकरांचा सवाल एकच होता. दारूवरचे एवढे उत्पन्न सोडून द्यायचे असेल तर शिक्षण आणि आरोग्य कशावर चालवणार? आधी काय आणि नंतर काय, हे कोणी ठरवले? ही भाषा ग्रंथकाराची आहे. जाहीरनाम्यातून ती गायब होती, इथे ती परत आली. दारूबंदीविरुद्ध बोलणे लोकप्रिय नव्हते, विशेषतः गिरणगावातल्या बायकांत. तरी ते बोलले.

त्याआधी ऑगस्ट १९३७मध्ये मंत्र्यांच्या पगाराच्या विधेयकावरही असेच झाले. काँग्रेसने मंत्र्यांना महिना ५०० रुपये ठरवले आणि साधेपणाचे कौतुक झाले. मजुरांच्या मतांवर निवडून आलेला आमदार उठून म्हणतो की हा पगार फार कमी आहे! त्यांनी कारणे दिली. समाजाचे राहणीमान, पदाला लागणारी लायकी, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता, या चार कसोट्यांवर पगार ठरला पाहिजे. केवळ त्यागाच्या कसोटीवर ठरवला तर मंत्रिपद ज्यांच्या घरी आधीच पैसा आहे त्यांच्यापुरतेच उरेल, हा त्या मुद्द्यांतून निघणारा अर्थ मला आज अधिकच पटतो. पण परळच्या चाळीत, जिथे ५०० रुपये हा आकडा स्वप्नातला, तिथे हे भाषण कसे ऐकले गेले असेल? उमेदवार आणि तज्ज्ञ यांच्यातली ओढाताण निवडून आल्यावर संपली नव्हती.

कारखान्यांतल्या तंट्यांविषयीच्या १९३८च्या विधेयकावर मात्र दोघे एक झाले. तडजोडीच्या लांबलचक पायऱ्या पार केल्याशिवाय केलेला संप त्या विधेयकाने बेकायदा ठरत होता. सप्टेंबरातल्या भाषणात आंबेडकरांनी कलमामागून कलम सोलून दाखवले, आणि संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्याच हक्काचा भाग आहे असे मांडले. ७ नोव्हेंबरला कम्युनिस्टांसोबत एक दिवसाचा संप झाला. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्या संपाला त्यांनी विरोध केला होता, त्यांच्याच शेजारी ते उभे होते. त्याच आठवड्यात, १० नोव्हेंबरला, त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी सभागृहात संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यासाठीचे भाषण आंबेडकरांनी लिहून दिले होते. तो फेटाळला गेला. जमिनीवर बसलेली फाजील माणसे हा १९१८चा प्रश्न, पण आता तो बाळंतपणांनी खंगलेल्या बाईच्या बाजूने विचारला जात होता.

सी. डी. देशमुखांचे उदाहरण इथे आठवते. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर राहिलेला हा विद्वान १९५२ला कुलाब्यातून लोकसभेवर गेला, पण तेव्हा ते आधीच अर्थमंत्री होते आणि त्यांच्यामागे काँग्रेस होती. तज्ज्ञाला सत्तेने आधी निवडले, मतदारांनी नंतर. आंबेडकरांच्या १९३७मध्ये क्रम उलटा आहे, आणि विरोधी बाकावर बसायचे हे जवळपास आधीच ठरलेले होते. म्हणून त्यांच्या कार्यक्रमातल्या ज्या गोष्टींना तिजोरी लागते त्या कागदावर राहिल्या, आणि ज्यांना फक्त कायदा लागतो त्या पुढे आल्या.

त्यात पहिली खोती. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोतीपद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताला मधून काढायचे, प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्याचे नाते थेट सरकारशी जोडायचे, आणि खोताला त्याच्या हक्कांपोटी वाजवी भरपाई द्यायची. भरपाईचे कलम पाहून काही डाव्या टीकाकारांनी नाके मुरडली आहेत. मला त्यात निबंधाचा कर्ता दिसतो. व्यवस्था बदलायची तर तिची किंमत कोणीतरी मोजणार, आणि ती कायद्यात लिहिलेली बरी. निवडणुकीच्या कागदावर न लिहिलेला खर्च इथे, विधेयकात, त्यांनी मान्य केला.

१२ जानेवारी १९३८ला रत्नागिरी, कुलाबा, ठाणे, सातारा, नाशिक अशा जिल्ह्यांतून आलेले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने कौन्सिल हॉलकडे निघाले. खोती बंद करा ही त्यांची मुख्य मागणी; शिवाय शेतमजुरांना किमान मजुरी वगैरे. त्यांच्या वतीने आंबेडकर मुख्यमंत्री खेरांना भेटले. कोकणातून बोटीने आणि पायी आलेल्या त्या माणसांपैकी बहुतेकांना मताचा हक्कच नव्हता. ज्यांनी मते दिली ते परळचे, आणि ज्यांच्यासाठी विधेयक आले ते मंडणगड-चिपळूण-अलिबागचे. परळच्या खोल्यांत राहणारी पुष्कळ माणसे त्याच गावांतून आलेली होती, हेही खरे. आंबेडकर स्वतः १९३४पर्यंत परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत राहिले; पक्षाचा जाहीरनामा लिहिला तेव्हा ते नुकतेच दादरच्या राजगृहात गेले होते.

विधेयक पुढे सरकले नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९३९मध्ये युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली. १९४२मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाच्या जागी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आले. मुंबई प्रांतात खोती रद्द करणारा कायदा झाला तो १९४९ साली. विधिमंडळात तो मंजूर झाला तेव्हा सरकार काँग्रेसचेच होते, मुख्यमंत्री पुन्हा बाळासाहेब खेर होते, आणि आंबेडकर दिल्लीत कायदामंत्री होते.